माउंटन बाइकला इलेक्ट्रॉनिक गिअर: जुनं एएक्सएस, ट्रान्समिशन की डीआय२?

घाटवेडा_इंदूर

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा म्हणून हा धागा काढतोय.

सायकल अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), २९ इंची चाकं, शिमानो डिओरे १२ स्पीड, मागे १०-५१ कॅसेट (१० ते ५१ दातांच्या चकत्यांचा संच), पुढे पॅडलपाशी ३२ दातांची एकच चेनरिंग. ड्रॉपर सीटपोस्ट (सीट खाली-वर करणारा दांडा) साधी, केबलवाली. फिरणं म्हणजे रविवारी महूच्या पुढे: चोरल, पाताळपाणीच्या वरच्या पायवाटा, जानापाव. मधल्या वारी जमलं तर रालामंडलपर्यंत जाऊन परत.

तक्रार अशी की पाऊस सुरू झाला की गिअर रुसतात. मोठ्या चकतीवर चढवायला अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. छोटीवर उतरवताना चेन आधी विचार करते आणि मग एकदम दोन घरं उडी मारते. वैताग आलाय.

मावसभाऊ डिसेंबरात जर्मनीहून येतोय, सामान आणायला तयार आहे. डोक्यात बॅटरीवर चालणाऱ्या गिअरची तीन नावं आहेत: स्रॅमचं जीएक्स ईगल एएक्सएस (जुनं), स्रॅमचंच जीएक्स ट्रान्समिशन, आणि शिमानोचं नवीन वायरलेस डीआय२, डिओरे किंवा एक्सटी. इंदूरच्या पावसाळ्यात काय टिकेल? बजेट आहे, पण उधळायला नाही. घरात आकडा अजून सांगितलेला नाही.

पोहे_जिलेबी

म्हणजे बॅटरीवर पळणारी सायकल का भिया? मग जानापावला काय मजा राहिली!

घाटवेडा_इंदूर

नाही हो, पाय माझेच. बॅटरी फक्त मागचा डिरेलर हलवते. हँडलवरच्या शिफ्टरचं बटण दाबलं की बिनतारी संदेश जातो, डिरेलरमधली छोटी मोटर चेन शेजारच्या चकतीवर नेते. केबलच नाही, हीच काय ती गंमत.

तुकोगंजचे_काका

नवीन घ्यायच्या आधी जुन्याची नाडी बघा. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं एकाच रोगाची आहेत.

मोठ्या चकतीवर जाताना तुमचा अंगठा केबल ओढतो. छोटीवर येताना मात्र केबल सुटते आणि ती मागे खेचायचं काम एकट्या डिरेलरच्या स्प्रिंगचं. आउटरमध्ये (केबलवरच्या नळीत) गाळ आणि गंज बसला की अंगठा ताकदीवर निभावून नेतो, स्प्रिंगला ते जमत नाही. म्हणून छोटीकडे येताना आधी उशीर आणि मग उडी. मोटर लावल्याने हा रोग जातो हे खरं, पण तो काही शे रुपयांच्या केबल-आउटरनेसुद्धा जातो.

तपासायला अगदी सोपं. सायकल स्टँडवर घ्या, चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर आणा. आता पॅडल न फिरवता शिफ्टर शेवटपर्यंत मोकळा करा. केबल ढिली पडेल. डिरेलरपाशी जो शेवटचा वळणाचा आउटर असतो तो खोबणीतून काढून केबलवर पुढे-मागे सरकवा. सरसर सरकला तर केबल निर्दोष. करकरला, तपकिरी पाणी आलं, तर दोषी तिथेच सापडला. चाकाचं सगळं उडतं ते याच वळणावर.

आणि हो, डिओरेच्या डिरेलरवर क्लचचा, म्हणजे चेन ढिली पडू न देणाऱ्या भागाचा, छोटा लिव्हर असतो. तो बंद करून एकदा शिफ्ट करून बघा. अंगठ्याला लगेच हलकं वाटलं तर क्लच कडक झालाय. तेही दुरुस्त होतं.

रामबाग_रोलर

काकांशी सहमत. पण काका, दर पावसाळ्यात दोनदा केबल बदलायचा कंटाळा हे सुद्धा कारण आहेच की. फ्रेमच्या पोटातून जाणारी केबल ओवायला बसलं की रविवार संपतो.

मी जुनं जीएक्स एएक्सएस वापरतो. गिअर पडण्याबद्दल शब्द नाही, एकदा बसवलं की विसरून जायचं. बॅटरी छोटी, हातात काढून घेता येते, तासाभरात भरते, आणि एका चार्जवर साधारण २० तास राइड निघते असं कंपनी सांगते. शिफ्टरमध्ये सीआर२०३२ नावाचा गोल सेल, जो घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. सायकल हलली की हा डिरेलर जागा होतो. आतमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. त्यामुळे गाडीमागच्या रॅकवर सायकल टांगून महूपर्यंत नेली की रस्ताभर तो जागाच राहतो आणि बॅटरी खातो. रॅकवर चढवताना बॅटरी काढून खिशात टाकायची, तिच्या जागी सोबत आलेलं प्लॅस्टिकचं झाकण बसवायचं. आणि ती खिशातच राहू द्या. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत लिथियम बॅटरी सोडणं चांगलं नाही.

मालव_माती

राइडच्या मध्येच बॅटरी मेली तर?

रामबाग_रोलर

आहे त्या गिअरवर अडकायचं. म्हणून दिवा लाल झाला की मधल्या चकतीवर आणून ठेवायचा आणि त्याच गिअरवर घरी यायचं. ज्यांच्याकडे स्रॅमची इलेक्ट्रॉनिक ड्रॉपर आहे ते तिची बॅटरी काढून मागे लावतात, दोन्हीकडे एकच बॅटरी चालते. धागाकर्त्याची ड्रॉपर केबलवाली, त्यामुळे जादा बॅटरी बॅगेत ठेवणं आलं.

फ्रीहब_फिरकी

धाग्याचा प्रश्न थोडा उलटा विचारला गेलाय. तीन सिस्टिमपैकी उत्तम कोणती, हे नंतर. आधी सायकलच्या मागच्या टोकाला खाली वाकून तीन गोष्टी बघा: हँगर (डिरेलर टांगायचा फ्रेमवरचा तुकडा), फ्रीहब (मागच्या हबवर कॅसेट बसते तो भाग), कॅसेट. निम्मा निकाल तिथेच लागतो.

पहिला हँगर. ट्रान्समिशन (मार्च २०२३ मध्ये आलं) हँगरवर बसतच नाही. डिरेलर थेट फ्रेमला, मागच्या अ‍ॅक्सलच्या रेषेत, ड्रॉपआउटला (चाक बसतं ते फ्रेमचं टोक) दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून बसतो. त्यासाठी फ्रेम यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) पद्धतीची लागते. स्रॅमने हे माप २०१९ मध्ये आणलं आणि सगळ्यांना खुलं ठेवलं, म्हणून आज बऱ्याच कंपन्यांच्या फ्रेमवर ते दिसतं. तुमची फ्रेम त्या मापाची नसेल तर ट्रान्समिशनचा विषय संपला. जुगाड नाही, अडॅप्टर नाही.

ओळखायचं कसं? मागचं चाक काढा. उजव्या ड्रॉपआउटवर हँगर दोन बारीक स्क्रूंनी बाहेरून किंवा आतून अडकवलेला असेल तर तो त्या फ्रेमचा खास हँगर. हँगर एकाच जाड, पोकळ बोल्टने अ‍ॅक्सलच्या भोकातच बसला असेल आणि त्यावर यूडीएच अशी अक्षरं असतील, तर तुम्ही नशीबवान. मागचा अ‍ॅक्सल क्विक रिलीजवाला, १४१ मिमीचा असेल तर बघायचीही गरज नाही, तो यूडीएच नसतोच.

दुसरा फ्रीहब. तुमच्या डिओरेच्या १०-५१ कॅसेटखाली मायक्रो स्प्लाइन जातीचा फ्रीहब आहे. स्रॅमच्या १०-५२ कॅसेटला एक्सडी लागतो. म्हणजे स्रॅमकडे गेलात तर डिरेलर आणि शिफ्टरवर भागत नाही. फ्रीहब बॉडी, कॅसेट, चेन सगळं बदलणं आलं, आणि तुमच्या हबला एक्सडी बॉडी मिळते का हे वेगळं शोधा. ट्रान्समिशनची चेनसुद्धा तिची स्वतःचीच, सपाट पाठीची.

शिमानोचं नवीन डीआय२ (२०२५ मध्ये एक्सटीआर, एक्सटी आणि डिओरे तिन्हीत आलं) साध्या हँगरवरही बसतं आणि त्याच १२ स्पीड हायपरग्लाइड प्लस कॅसेट-चेनवर चालतं जी तुमच्याकडे आत्ता आहे. म्हणजे फक्त डिरेलर, शिफ्टर, बॅटरी आणि चार्जर. बाकी सायकलला हात लावायचा नाही.

शिमानोचं इलेक्ट्रॉनिक काही काल जन्मलेलं नाही. एक्सटीआर डीआय२ २०१४ पासून होतं, पण वायरवालं, ११ स्पीड, बॅटरी फ्रेमच्या पोटात लपवलेली. २०१९ मध्ये स्रॅमने बिनतारी ईगल एएक्सएस आणलं आणि शिमानो माउंटन बाइकमध्ये बरीच वर्षं मागे पडलं. आता कुठे बॅटरी डिरेलरच्याच कुशीत घालून आलंय.

पोहे_जिलेबी

फ्रीहबभाऊंनी पुस्तकच लिहिलं. वाचनखूण साठवली.

तुकोगंजचे_काका

एएक्सएस डिरेलर शिमानोच्या कॅसेटवर चालवणारे महाभागही पाहिलेत मी.

फ्रीहब_फिरकी

चालवतात, चकत्यांमधलं अंतर जवळपास सारखं आहे. पण दोन्ही कंपन्यांपैकी कुणी त्याला मान्यता देत नाही. एवढे पैसे घालून "जवळपास" कशाला घ्यायचं, हे माझं मत.

बडोदेकर_पॅडल

माझा मुक्काम बडोद्याला, पण धागा जिव्हाळ्याचा म्हणून लिहितोय. माझ्याकडे ट्रान्समिशन आहे, पावागढ आणि जांबुघोड्याकडे चालवतो.

चांगलं ते आधी सांगतो. चढावर पूर्ण जोर लावून बटण दाबा, चेन कुरकुर न करता चढते. पायाचा जोर सोडायची सवयच जाते. याचं कारण असं की कॅसेटवर चेन चढवायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि डिरेलर ती जागा फिरून येईपर्यंत थांबतो. बी-स्क्रू नाही, लिमिट स्क्रू नाही (डिरेलर जुळवायचे स्क्रू हे), त्यामुळे छेडछाडीला वाव नाही. दगड लागला तर धक्का थेट अ‍ॅक्सल झेलतो, वाकायला हँगरच नाही. पिंजरा (दोन छोटी जॉकी चाकं धरणारा डिरेलरचा खालचा भाग) आणि बाहेरच्या खरचटणाऱ्या पट्ट्या सुट्या बदलता येतात.

आता न आवडलेलं. तो जो थांबतो ना, ते उतारावर जाणवतं. उतार संपून अचानक चढ लागला आणि चार गिअर पटकन हवे असले की तो आपल्या चालीने एक-एक करत जातो, घाई करत नाही. पाय हळू फिरत असतील तर आणखी वेळ. साधे मेकॅनिकल शिफ्टर झपझप मारायची सवय असलेल्यांना सुरुवातीला चीड येते. आणि वरच्या तीन चकत्या ३८, ४४, ५२ आहेत. जुन्या ईगलला ३६, ४२, ५२ होत्या. शेवटची मोठी उडी कमी झाली, पण ३२ वरून ३८ ही पायरी आता उंच वाटते.

रामबाग_रोलर

जोर लावून शिफ्ट करणं शिमानोच्या हायपरग्लाइड प्लसलाही जमतं की, तेही केबलवर. आणि त्याचा वेग जास्त.

बडोदेकर_पॅडल

जमतं, पण केबल स्वच्छ असेल तर. तिथेच तर काकांचा मुद्दा येतो.

मालव_माती

मला एक सांगा, या सगळ्यात आपल्या काळ्या मातीचा विचार कुणी केलाय का? जुलैत शेताच्या बांधावरून सायकल काढली की टायर आणि फ्रेमच्या मध्ये माती अशी ठासते की चाकच फिरत नाही. बॅटरी काय करणार तिथे?

तुकोगंजचे_काका

बॅटरी काहीही करणार नाही. हे सोन्यासारखं बोललात.

काळी माती कोरडी असताना भुकटी, ओली झाली की सरस. बारीक कण तेलात मिसळले की चेन प्रत्येक फेऱ्याला सहाणेवर चंदन उगाळावं तशी कॅसेट उगाळते. शिफ्ट केबलने होवो नाहीतर रेडिओने, उगाळणं तेच. उलट इलेक्ट्रॉनिकवाल्यांचं दुर्लक्ष जास्त होतं, कारण मोटर झिजलेल्या चेनलासुद्धा ढकलून जागेवर बसवते आणि माणसाला वाटतं सगळं आलबेल.

म्हणून चेन मोजायला शिका. पट्टीवाला गेज नसला तरी चालेल, इंचाची स्टीलची फूटपट्टी घ्या. चेनवर थोडा ताण ठेवून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनवर बरोबर १२ इंचांवर चोविसावी पिन मध्यभागी येते. ती पिन १२ इंच आणि एक सोळांशपर्यंत सरकली की चेन अर्धा टक्का ताणली गेलीय. १२ स्पीडची चेन तिथेच काढायची. पुढे रेटलीत तर कॅसेटही जाते, आणि मग नवी चेन जुन्या कॅसेटवर उड्या मारते.

धुताना प्रेशर वॉशर नको. बादली, मग, जुना ब्रश. डिरेलर पाऊस सहन करेल असाच बनवलेला असतो, पण पाण्याचा झोत हबच्या आणि जॉकी चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस हुसकून लावतो. बॅटरी जिथे बसते तिथले पितळी टोक मात्र अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा.

सराफा_सिंगलस्पीड

एकच गिअर ठेवा. ना केबल, ना बॅटरी, ना धागा.

पोहे_जिलेबी

यांना जानापावच्या पायथ्याशी सोडा कुणीतरी.

घाटवेडा_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गप्प होतो कारण सायकल उघडून बसलो होतो.

चाक काढलं. हँगर दोन बारीक स्क्रूंवर आहे, यूडीएच नाही. अ‍ॅक्सल १४८ मिमीचा. म्हणजे ट्रान्समिशन बाद. फ्रीहबवर मायक्रो स्प्लाइनच आहे.

काकांची परीक्षाही केली. शेवटचा आउटर सरकवला तर आतून अक्षरशः चिखलाचं पाणी आलं, फेरूलच्या (आउटरच्या टोकाच्या टोपीच्या) तोंडाशी केबलचे दोन तार तुटून वर आले होते. क्लच बंद करून फारसा फरक पडला नाही, म्हणजे तो बरा आहे. चेन अजून अर्ध्या टक्क्याच्या आत आहे.

आता खरा प्रश्न जुनं जीएक्स एएक्सएस की डिओरे डीआय२. आणि एक्सटीचा मोह. शिवाय शिमानोची ती नवी ९-४५ कॅसेट हलकी आणि सुटसुटीत दिसते, ती घेऊ का?

फ्रीहब_फिरकी

तुमच्या सायकलवर जीएक्स एएक्सएस म्हणजे वर लिहिलेला सगळा खर्च: एक्सडी बॉडी, कॅसेट, चेन. ज्याच्याकडे आधीच स्रॅम ईगल आहे त्याच्यासाठी ते अपग्रेड किट सोन्याहून पिवळं, तुमच्यासाठी नाही. चांगली कॅसेट काढून कपाटात ठेवायला काय कारण?

९-४५ चं गणित करा. आत्ता तुमचा सगळ्यात हलका गिअर ३२ भागिले ५१, म्हणजे ०.६३. ४५ लावलीत तर ०.७१, जवळपास तेरा टक्के जड. जानापावच्या शेवटच्या वळणावर ते मांड्यांना कळेल. तेवढंच हलकं हवं असेल तर पुढे ३२ ऐवजी २८ ची चेनरिंग लावावी लागेल. वरच्या टोकाला मात्र फार गमावत नाही: २८ भागिले ९ म्हणजे ३.११, आत्ता ३.२ आहे. फायदा असा की पिंजरा आखूड होतो, दगडापासून वर राहतो. चोरलच्या बाजूच्या काळ्या दगडांत तो फायदा खरा आहे. पण कॅसेट, चेनरिंग, चेनची लांबी सगळं बदलून. आत्ता नको.

आणि महत्त्वाचं: या डिरेलरचे दोन पिंजरे येतात, १०-५१ साठी लांब, ९-४५ साठी मध्यम. भावाला नुसतं "डिओरे डीआय२" सांगू नका, लांब पिंजऱ्याचाच असं बजावून सांगा.

रामबाग_रोलर

एक्सटीबद्दल माझं मत: पैसे उरत असतील तर टायरमध्ये घाला.

दुसरं, दगड. एएक्सएसला आपटलं की मोटरकडचा क्लच (काकांनी सांगितला तो नव्हे) सुटून डिरेलर आत सरकतो आणि परत जागेवर येतो. नव्या डीआय२ मध्येही धक्क्यानंतर आपोआप जागेवर यायची सोय आहे. पण जोराचा फटका कुणालाच माफ करत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकाचा महागडा डिरेलर पाताळपाणीच्या उतारावर चाकात गेला. कोणत्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही, दगडाला कंपनी कळत नाही. त्या पैशात मेकॅनिकलचा आख्खा संच आला असता. तेव्हा घरात आकडा सांगताना एक डिरेलर जादा धरूनच सांगा.

तुकोगंजचे_काका

दोन-तीन हँगर आत्ताच मागवून ठेवा. तुमच्या फ्रेमचा खास आहे, ऐनवेळी इंदूरच्या दुकानात मिळणार नाही. इलेक्ट्रॉनिक डिरेलर वाकड्या हँगरवर लावला तर तो अत्यंत अचूकपणे चुकीच्या जागी जाईल. बसवायच्या आधी हँगर गेजने सरळ करून घ्या. हे काम दुकानदाराला डोळ्यांनी अंदाज घेऊन करू देऊ नका.

बडोदेकर_पॅडल

वॉरंटीचं भावाला विचारा. तिकडच्या बिलावर इकडे कोण दाद देणार, हे खरेदीच्या आधी दुकानाकडून लेखी घेतलेलं बरं. आणि विमानात सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही. चार्जर किटमध्ये आहे की वेगळा, तेही यादीत बघा.

घाटवेडा_इंदूर

ठरलं मग. आत्ता केबल-आउटर नवीन, पावसाळा त्याच्यावर काढतो. डिसेंबरात डिओरे डीआय२, लांब पिंजरा, शिफ्टर, एक जादा बॅटरी, चार्जर. कॅसेट-चेन तीच. हँगर आजच मागवतो.

शेवटचं एक: डीआय२ आलं की फ्रेमच्या पोटातला जुना आउटर ओढून टाकू ना? खुळखुळतो म्हणतात.

फ्रीहब_फिरकी

मुळीच नाही. आउटर आतच राहू द्या, दोन्ही तोंडांना रबरी बूच लावा, खुळखुळला तर बाहेर दिसणाऱ्या टोकाशी फोमची नळी चढवा. जुना डिरेलर आणि शिफ्टर विकू नका, पिशवीत घालून ठेवा. ऐन ऑगस्टात नवा डिरेलर दगडावर गेला आणि बदली यायला महिना लागला, तर अर्ध्या तासात केबल ओवून परत चालू. आउटर काढून टाकलात तर रामबागवाले म्हणतात तसा तोच रविवार पुन्हा.

मालव_माती

जुना शिफ्टर विकणार असाल तर मी आहे बरं का.

घाटवेडा_इंदूर

वरचा प्रतिसाद वाचलात ना भिया! पिशवीत जाणार तो.

तुकोगंजचे_काका

नवीन केबल ओवताना जुनीच्या टोकाला बारीक प्लॅस्टिकची नळी चढवून मगच जुनी बाहेर ओढा, म्हणजे फ्रेमच्या आत वाट हरवणार नाही. आणि डिरेलरपाशचं शेवटचं वळण आखूड कापू नका. पिंजरा पूर्ण मागे गेला तरी आउटर ताणला जाता कामा नये. कापून झालं की फोटो टाका इथे, बघून सांगतो.